जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तेव्हा

पावसाळा नुकताच सरला होता. मुळशीकडून ताम्हिणी घाटात शिरले आणि आमची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० दोन-तीन झटके देऊन बंद पडली. काटा पाव टाकीवर होता. टाकी २८ लिटरची, म्हणजे निदान सात लिटर पेट्रोल असायला हवं. मी बॉनेट उघडून प्लगच्या वायरी चाचपल्या, कॉइल बघितली, पंपाचा पाइप काढून पुन्हा बसवला. तासभर गेला. पेट्रोल संपलं असेल असं मनातही आलं नाही, कारण काटा समोर दिसत होता. शेवटी माणगावकडून वर येणारे एक जीपवाले काका थांबले. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, गाडीला मागून दोन हिसके दिले आणि कान लावला. आत काहीच हिंदकळत नव्हतं. "ताई, टाकी कोरडी आहे," एवढंच म्हणाले.

ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे, किंवा वडिलांची, मामांची गाडी आता स्वतः चालवायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही मेकॅनिक असण्याची गरज नाही. एक वही, दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर (वीज आणि रेझिस्टन्स मोजायचं छोटं यंत्र) आणि थोडा धीर एवढं पुरतं. बरेचदा तर नुसत्या वहीवरही काम भागतं.

काटा नेमकं काय दाखवतो

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काटा पेट्रोल मोजत नाही. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगणारा छोटा फ्लोट असतो, त्या फ्लोटची उंची तो सांगतो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या, एका पट्टीवर सरकते. पट्टीवर पत्ती कुठे टेकली आहे त्यावर वायरीतून किती करंट जाणार हे ठरतं आणि त्या करंटवर डॅशबोर्डचा काटा हलतो. टाकीतल्या या सगळ्या जोडणीला गॅरेजमध्ये 'टँक युनिट' किंवा नुसतं 'फ्लोट' म्हणतात. दुकानात सुटा भाग मागतानाही हेच शब्द वापरा.

म्हणजे चूक चार ठिकाणी होऊ शकते: फ्लोट आणि दांडी, रेझिस्टन्सची पट्टी, वायर आणि तिचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीच्या लोखंडाशी असलेली जोडणी), आणि समोरचा मीटर. माझ्या अनुभवात मीटर सर्वांत कमी वेळा बिघडतो, आणि लोक सर्वांत आधी तोच बदलतात.

सगळं नीट असलं तरी काटा सरळ हिशेबाने उतरत नाही. टाकी म्हणजे चौकोनी डबा नव्हे. गाडीच्या खाली जिथे जागा मिळाली तिथे ती बसवलेली असते, त्यामुळे कुठे रुंद तर कुठे निमुळती. टाकी वर रुंद आणि तळाशी निमुळती असेल तर वरची अर्धी सावकाश उतरते आणि खालची अर्धी भराभर. "अर्ध्यापर्यंत दोनशे किलोमीटर गेले, पुढचे अर्धे सव्वाशेतच संपले," अशी तक्रार तुम्हीही कधीतरी ऐकली असेल. हा बिघाड नाही, तो टाकीचा आकार आहे.

उताराचंही तसंच. घाट चढताना पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जमतं, उतरताना पुढच्या. फ्लोट टाकीच्या मधोमध नसेल तर काटा प्रत्येक चढ-उताराला वेगळं सांगतो. म्हणून काटा वाचायचा तो सपाट रस्त्यावर, गाडी उभी करून, चावी फिरवल्यावर मिनिटभर थांबून. काही जुन्या मीटरमध्ये दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि तिच्या जोरावर काटा हलतो. असा काटा मुद्दामच सुस्त असतो आणि जागेवर यायला वेळ घेतो. चुंबकावर चालणारा काटा लगेच उठतो.

पहिलं काम वहीत

पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी निदान तीन वेळा टाकी फुल करा आणि लिहून ठेवा. पद्धत जुनीच आहे: टाकी फुल ते टाकी फुल.

शक्यतो एकाच पंपावर, एकाच नोझलवर जा. आधी मशीनवर शून्य बघा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, 'राउंड फिगर'साठी वरून भरायला सांगायचं नाही. टाकीच्या गळ्यापर्यंत भरलं तर हिशेब बिघडतो, शिवाय उन्हाळ्यात फुगलेलं पेट्रोल बाहेर येतं. किती लिटर बसले आणि मीटरवर किती किलोमीटर झाले ते लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल केल्यावर मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. ३२१ किलोमीटर झाले आणि २१.४ लिटर बसले, तर गाडी लिटरला १५ देते.

या हिशेबात दोन ठिकाणी ठेच लागते. एक म्हणजे किलोमीटरचा मीटर स्वतःच चुकीचा असणं. जुन्या गाड्यांत तो केबलवर चालतो आणि केबल झिजली की मधूनच थांबतो. हायवेच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून वीस-पंचवीस किलोमीटर पडताळून बघा. दुसरं म्हणजे पंपाचं माप. शंका आली तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असतं, त्यात मोजून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर कमी-जास्त इतकीच सूट असते. आवाज न चढवता मागितलं तर बहुतेक ठिकाणी मोजून दाखवतात.

आता मर्यादा ठरवा. टाकी २८ लिटरची आणि गाडी लिटरला १५ देत असेल, तर तळाचे पाच लिटर नाहीतच असं धरा. उरले २३, म्हणजे ३४५ किलोमीटर. घाट, ट्रॅफिक, एसी यासाठी आणखी कापून ३०० वर पेट्रोल भरायचं. टाकी फुल केली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. ट्रिप मीटर नसेल तर आकडा एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. आमच्या गाडीत ती चिठ्ठी अजून आहे.

तळाचे पाच लिटर सोडण्याला आणखी एक कारण आहे. जुन्या लोखंडी टाकीच्या तळाला गंज, गाळ आणि थोडं पाणी साचलेलं असतं. टाकी पार रिकामी करत गाडी चालवली की हा कचरा फिल्टरमध्ये आणि तिथून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जातो. मग पेट्रोल भरूनही गाडी खोकत राहते.

आणि 'रिझर्व्ह'वर विसंबू नका. जुन्या मोटारसायकलला रिझर्व्हचा कॉक असतो, बहुतेक गाड्यांना नसतो. गाडीत रिझर्व्ह म्हणजे मीटरवरचा लाल पट्टा किंवा एक दिवा. मात्र हा दिवा बऱ्याच गाड्यांत टाकीतल्या वेगळ्या सेन्सरवर लागतो, त्यामुळे काटा चुकला तरी दिवा बरोबर असू शकतो. चावी फिरवल्यावर तो क्षणभर पेटतो का ते बघा. मुळीच पेटत नसेल तर आधी त्याचा बल्ब बदला. इतक्या स्वस्तात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा होणार नाही.

काट्याची चूक कोणत्या जातीची

वही चालू असताना काटा कसा वागतो तेही लिहा. पुढचा सगळा शोध यावरच उभा आहे.

एक माहिती लागेल: तुमच्या गाडीत टाकी भरल्यावर रेझिस्टन्स कमी होतो की वाढतो? मारुतीसह बऱ्याच जपानी वळणाच्या गाड्यांत फुल टाकीला रेझिस्टन्स कमी आणि रिकामीला जास्त असतो. अनेक युरोपियन मीटरांत उलट, रिकामीला साधारण १० ओहम आणि फुलला १८०. बाजारात मिळणाऱ्या अमेरिकन पद्धतीच्या युनिटमध्ये रिकामीला २४० आणि फुलला ३३. म्हणूनच एका गाडीचं युनिट दुसरीत 'बसतं' एवढ्यावरून ते चालेल असं नसतं. भोकं जुळतात, आकडे जुळत नाहीत. भंगारातून भाग आणताना हे विसरू नका.

खालचं वर्णन पहिल्या जातीच्या, म्हणजे फुलला कमी रेझिस्टन्स असणाऱ्या गाड्यांचं आहे. दुसऱ्या जातीत टँक युनिटच्या वायरीच्या आणि अर्थिंगच्या बिघाडांची दिशा उलटी धरा.

टाकी फुल करूनही काटा कधीच 'एफ'ला पोचत नाही आणि सगळीकडेच थोडं कमी दाखवतो, तर संशय अर्थिंगवर. गंजलेला जोड म्हणजे वाटेतला फुकटचा रेझिस्टन्स. काटा पूर्ण मेला आणि 'ई'वरच पडून असेल तर फ्यूज, तुटलेली वायर, निघालेला कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड) किंवा पेट्रोल भरून बुडालेला फ्लोट. कायम 'एफ'वर चिकटला असेल तर वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे. एकाच ठिकाणी, बहुधा पाव ते अर्ध्याच्या मधे, काटा उड्या मारत असेल तर तिथे रेझिस्टन्सची पट्टी झिजली आहे. गाडी वर्षानुवर्षं त्याच पातळीवर चालवली गेलेली असते ना!

हेडलाइट लावला किंवा इंडिकेटर दिला की काटा हलतो? मग मीटरच्या मागचं अर्थिंग बघा. पेट्रोल आणि टेंपरेचर असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर टाकीकडे जाऊच नका. दोघांमध्ये सामाईक असलेलं काहीतरी गेलं आहे. तापणाऱ्या पट्टीच्या मीटरांमागे दोघांना मिळून एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की दोघंही एकदम भरकटतात.

माझ्या गाडीचं लक्षण वेगळं होतं. टाकी फुल केली की काटा 'एफ'च्या पलीकडे जायचा आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर हलायचाच नाही. गाडी ॲव्हरेज छान देते म्हणून मला आनंद व्हायचा. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. वर जास्त दाखवणारा काटा खालीही जास्तच दाखवणार. फ्लोटची दांडी वाकली की असं होतं. फ्लोट टाकीच्या तळाला टेकतो तेव्हा पत्ती अजून पाव टाकीवरच असते, आणि काटा त्याखाली कधी येऊच शकत नाही. रिकामी टाकी आणि पाव टाकी यांत फरकच उरत नाही. काटा कमी दाखवत असेल तर फक्त पंपाच्या फेऱ्या वाढतात. जास्त दाखवणारा काटा मात्र तुम्हाला घाटात उभं करतो, म्हणून ही जात ओळखायला शिका.

वायरींची तपासणी

गाडी उघड्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात नको. जवळपास कोणी विडी-सिगरेट ओढत नाही ना ते बघा आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा. ठिणगी टाकीजवळ पडता कामा नये, म्हणून प्रत्येक वेळी चावी बंद, मग जोडणी, मग लांब येऊन चावी चालू.

टँक युनिटला जाणाऱ्या वायरीचा कपलर शोधा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या मॅटखाली एक झाकण असतं, काहींत टाकीखाली शिरावं लागतं. कपलर सुटा करून चावी फिरवा, काटा 'ई'वर पडायला हवा. चावी बंद करा, मीटरकडून येणारी वायर एका जोडवायरीने बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला जोडा, पुन्हा चावी फिरवा. काटा 'एफ'कडे चढायला हवा. ही जोडणी काही सेकंदच ठेवायची, आणि तापणाऱ्या पट्टीचा मीटर असेल तर मधे बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडायचा. थेट अर्थ दिला तर आतली कॉइल जळते.

दोन्ही वेळा काटा बरोबर गेला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये. गेला नाही तर हीच चाचणी मीटरच्या मागे करा. तिथे काटा चालला पण टाकीपाशी चालला नाही, म्हणजे मधली वायर गेली. ती बहुधा दाराच्या उंबऱ्याखाली, कार्पेटच्या आत गंजलेली सापडते. मुंबईत किंवा कोकणात राहिलेली गाडी असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

टाकी उघडण्याआधी अर्थिंगची परीक्षा घ्यायचीच. कपलर परत बसवा, युनिटच्या लोखंडी तबकडीपासून बॉडीपर्यंत एक सुटी वायर जोडा आणि काटा बघा. तो उठून योग्य जागी आला तर रोग सापडला. जुना नटबोल्ट खोला, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करा, नवं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. पन्नास रुपयांत काम होतं. हे न बघता नवं युनिट घेणारे मी बरेच पाहिले आहेत. नवं युनिटही त्याच गंजलेल्या बोल्टवर बसतं आणि काटा होता तिथेच राहतो.

फ्लोट बाहेर काढायची वेळ आली तर

हे काम पहिल्यांदा करत असाल तर ओळखीच्या मेकॅनिकसोबतच करा. टाकीत पेट्रोल कमीत कमी असावं, इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. उजेडासाठी पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प वापरायचा नाही, तो फुटला तर भडका उडतो. दिवसाउजेडी करा. तबकडीच्या भोवतीची माती आधी ब्रशने साफ करा, नाहीतर सगळी टाकीत जाते. नवं पॅकिंग आधीच आणून ठेवा, कारण जुनं रबर निघताना हमखास फाटतं.

युनिट बाहेर आलं की फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो गळका आहे. पितळी फ्लोटला झाळायचा, म्हणजे सोल्डर करायचा, मोह कटाक्षाने टाळा. आत पेट्रोलची वाफ असते. नवा बसवा.

मग मल्टिमीटर ओहमवर लावा. एक टोक युनिटच्या पिनवर, दुसरं तबकडीवर. दांडी हाताने अगदी सावकाश वर-खाली करा. आकडा सलग चढायला-उतरायला हवा. मधेच उडी मारली किंवा दिसेनासा झाला तर पट्टी मळली आहे किंवा झिजली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून पुन्हा बघा. घासू नका, ती तार केसासारखी बारीक असते. पुसूनही उडी राहिली तर युनिट बदलायचं.

माझ्या युनिटमध्ये आकडे एकदम गुळगुळीत होते. चूक होती ती दांडीत. पूर्वी कोणीतरी पॅकिंग बदलताना युनिट तिरकं घालून दाबलं होतं. आम्ही दांडी पक्कडीने जराशी वाकवली, बसवली, काटा पाहिला, पुन्हा काढली. तीन वेळा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरनेही काट्यात बराच फरक पडतो, तेव्हा इथे घाई नको. आणि दांडी वाकवताना पत्तीवर जोर येऊ देऊ नका.

पाच-पाच लिटरची मोजणी

दुरुस्ती झाली असो वा नसो, ही मोजणी एकदा कराच. टाकी जवळजवळ रिकामी असताना, गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे भर दुपारी किंवा अगदी सकाळी पंपावर जा. इंजिन आणि चावी बंद ठेवून पाच लिटर भरा, झाकण लावा, गाडी बाजूला घ्या. सपाट जागी चावी फिरवून मिनिटभर थांबा आणि काटा कुठे आला ते मोबाइलवर टिपून घ्या, हवं तर फोटो काढा. फोन मशीनपासून दूर गेल्यावरच बाहेर काढायचा. परत जाऊन आणखी पाच. पंपावरचे लोक वैतागतील असं वाटत असेल तर आधी सांगा, किंवा आठवडाभरात तुकड्यांनी करा.

हाती येतं ते तुमच्या गाडीपुरतं कोष्टक. आमच्याकडे आता 'पाव' म्हणजे सहा लिटर आणि 'अर्धा' म्हणजे साडेबारा, चौदा नव्हे. कोष्टक सनव्हायझरच्या मागे चिकटवलं आहे, त्यामुळे भाऊ गाडी घेऊन गेला तरी त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

सीएनजी, डिझेल आणि इथेनॉल

सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाडीत पेट्रोलचा काटा महिनोन् महिने कोणी बघत नाही. फ्लोट एकाच जागी राहून अडकतो, पेट्रोल जुनं होतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. बऱ्याच जुन्या किटमध्ये गॅसवर चालतानाही हा पंप फिरत राहतो, आणि टाकी कोरडी असेल तर जळतो. अशा गाडीत निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

जुनी डिझेल जीप किंवा सुमो असेल तर टाकी संपू देणं आणखी महागात पडतं, कारण लाइनमध्ये एअर धरते. डिझेल ओतलं तरी एअर काढल्याशिवाय गाडी उठत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंपने एअर कशी काढायची हे घरच्या अंगणात एकदा शिकून घ्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज काहीसं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. पाच वर्षांपूर्वी काढलेला तुमचा आकडा आता चालणार नाही, वही पुन्हा काढा. इथेनॉल पाणीही ओढतं, आणि जुनं रबर त्यासाठी बनवलेलं नसतं. टँक युनिटचं पॅकिंग आणि पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून बघा. चिकट, मऊ किंवा भेगाळलेले वाटले तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आत हवा जितकी कमी, तितकं पाणी कमी धरेल आणि पट्टीही गंजणार नाही.